चौतीस गोळ्यांचा हिशोब

ही केस बरेच दिवस लिहायची होती, राहून जात होती. ओळख पटेल असे तपशील गाळलेत, बाकी घडलं तसं लिहितोय. यात माझीही एक चूक आहे, ती पण लिहितोय, कारण ती गाळली तर केसमध्ये फारसं काही उरत नाही.

पेशंट ६१ वर्षांचे. काका म्हणू. सोबत काकू आणि मुलगी. मुलगी खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाली, "डॉक्टर, बाबांना फ्लूची लस बाधली." फाइल उघडली तर पहिल्याच पानावर लाल पेनने लिहिलेलं, 'फ्लू लस ॲलर्जी, पुन्हा देऊ नये', आणि खाली दोन रेघा. झालं असं होतं की लस घेतली, दोन दिवसांनी छातीवर आणि पाठीवर लाल पुरळ आलं, ताप चढला, चेहरा सुजायला लागला, मग जवळच्या डॉक्टरांनी लसीची रिॲक्शन म्हणून सेट्रिझिन आणि पॅरासिटामॉल दिलं, घसा लाल दिसला म्हणून ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही दिलं, आणि उतरेल चार दिवसांत म्हणून घरी पाठवलं. उतरलं तर नाहीच, वाढत गेलं. लस घेऊन आठ दिवस झाले होते तेव्हा ते माझ्यासमोर आले.

आणि मी केसपेपरवर सगळ्यात आधी काय लिहिलं? 'लसीनंतरचं पुरळ' आणि पुढे प्रश्नचिन्ह. लाल पेनने लिहिलेलं वाचलं की डोकं त्याच रुळावरून चालायला लागतं, मग वीस वर्षं प्रॅक्टिस असो की दोन. ते प्रश्नचिन्ह तेवढं टाकलं होतं म्हणून थोडी लाज वाचली असं समजतो.

तपासायला घेतलं तेव्हा मात्र गडबड वाटायला लागली. साधं पुरळ असलेला माणूस खाजवत असतो, वैतागलेला असतो, पण आजारी दिसत नाही. काका आजारी दिसत होते. चेहरा इतका सुजलेला की काकूंनी मोबाइलमधला महिन्याभरापूर्वीचा फोटो दाखवला तो दुसऱ्या कुणाचा वाटला. डोळ्यांभोवती, कपाळावर सूज, आणि कानाच्या पाळ्या जाड, लालबुंद. ताप १०२. पुरळ आता छाती-पाठ सोडून हातापायांवर पसरलेलं, निम्म्याहून जास्त अंग लाल, आणि पोटऱ्यांवरचे डाग दाबले तरी फिके होत नव्हते, म्हणजे तिथे कातडीत थोडं रक्त उतरलेलं. मानेत, काखेत, जांघेत अवधाण आल्यासारख्या गाठी लागत होत्या. पोट तपासताना लिव्हरची कड बोटांना लागली, म्हणजे लिव्हर वाढलेलं.

अशा वेळी मी एक प्रश्न नेहमी विचारतो, कातडी खाजतेय की दुखतेय? नुसती खाजते म्हणाले तर थोडा श्वास घेतो. भाजल्यासारखी दुखते, हात लावू देत नाही म्हणाले तर सगळं सोडून आधी तोंड, डोळे आणि लघवीची जागा बघायची, कारण स्टीव्हन्स-जॉन्सन नावाच्या औषधाच्या जीवघेण्या रिॲक्शनची सुरुवात तशी असते, पुरळ थोडंसंच दिसतं आणि दोन-तीन दिवसांत कातडी पापुद्र्यासारखी सुटायला लागते. काकांना खाज होती, दुखत नव्हतं. तोंडात जखमा नाहीत, ओठ फक्त फुटलेले. डोळे ठीक. फोड कुठे नाही, कातडी बोटाने घासली तरी सरकत नव्हती.

मग औषधांचं विचारलं. "रोजचं काय चालू आहे?" "काही विशेष नाही, बीपीची एक आणि ती युरिक ॲसिडची एक." "युरिक ॲसिडची कधीपासून?" काका म्हणाले दोन-तीन महिने झाले असतील. मुलगी म्हणाली हो, साधारण तेवढेच.

इथे गाडी पुन्हा घसरली असती. युरिक ॲसिडची गोळी म्हणजे ॲलोप्युरिनॉल, ती ऐकल्यावर कान टवकारायलाच हवेत आणि टवकारले पण, पण ती तीन महिने बिनबोभाट चालू असेल तर संशय बराच कमी होतो. सुदैवाने काकूंकडे औषधांची एक कापडी पिशवी होती आणि त्यात काकांची एक सवय सापडली. ते रिकामी पाकिटं टाकत नाहीत, दुकानदाराला दाखवायला ठेवून देतात, नाव चुकायला नको म्हणून. टेबलावर पिशवी उलटी केली. ॲलोप्युरिनॉल ३०० मिलिग्रॅम, दहाच्या तीन पट्ट्या रिकाम्या, चौथीतल्या चार खाल्लेल्या, सहा शिल्लक. "मध्ये कधी चुकली का?" तर काका सुजलेल्या चेहऱ्यानेच म्हणाले, "मी गोळी चुकवत नाही डॉक्टर." अभिमानाने म्हणाले. आणखी पट्ट्या घरी कुठे असतील का विचारलं, तर नाही, ह्याच एवढ्या.

म्हणजे ३४ दिवस. तीन महिने नाही.

मी केसपेपर उलटा केला आणि मागच्या बाजूला एक आडवी रेघ मारली. पहिली गोळी म्हणजे दिवस १. लस दिवस २६ ला. पुरळ दिवस २८ ला. अँटिबायोटिक दिवस २९ ला. आज दिवस ३४. रेघ मारल्यावर चित्र किती बदलतं बघा, बोलताना 'लस घेतली आणि पुरळ आलं' हे एकच वाक्य होतं, कागदावर त्याच्या डावीकडे पंचवीस दिवस होते ज्यांबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं.

रेघेकडे बघताना काकू सहज म्हणाल्या, "लसीच्या आदल्या रात्री पण हे मान खाजवत बसले होते की, अंगात कणकण पण होती. मी म्हटलं उद्या नको जाऊ, तर म्हणे अपॉइंटमेंट घेतलीये." आता हे वाक्य आठ दिवसांत कुणालाच कसं सांगितलं नाही असं वाटेल, पण कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, इतकं साधं आहे. खाज आणि कणकण जर लसीच्या आधीच सुरू झाली असेल तर लस जवळजवळ सुटलीच. तरी मी हे वाक्य एकटंच धरून बसलो नाही, कारण आठवण ही अशी गोष्ट आहे की आत्ताच तीन महिन्यांचे चौतीस दिवस झाले होते.

थोडं घड्याळाबद्दल लिहितो, कारण औषधाने येणाऱ्या पुरळात सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. प्रत्येक रिॲक्शनचा आपला असा वेळ असतो. अंगावर पित्त उठणं, गांधी येणं, ओठ सुजणं हे मिनिटांत किंवा फार तर काही तासांत होतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा उठणारा काळपट गोल डाग, ज्याला फिक्स्ड ड्रग म्हणतो, तो आधी एकदा होऊन गेला असेल तर गोळी घेतल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत त्याच जागी पेटतो. बारीक पिवळ्या पुटकुळ्यांचं पुरळ, बगलेत-जांघेत सुरू होणारं, ते अँटिबायोटिकनंतर एक-दोन दिवसांत येऊ शकतं. नेहमीचं गोवरासारखं पुरळ नवीन औषधानंतर चार ते चौदा दिवसांत. स्टीव्हन्स-जॉन्सन साधारण चार दिवस ते चार आठवडे. आणि ज्याची मला आता शंका येत होती ते सगळ्यात आळशी, दोन ते आठ आठवडे लावतं. लोक, आणि डॉक्टर पण, पुरळाच्या मागे दोन-तीन दिवस बघतात आणि थांबतात. या आजारात दोन-तीन दिवस मागे गेलं तर भलताच कुणीतरी सापडतो, आणि जो सापडतो तो बिचारा ताप आल्यावर दिलेलं औषध असतं नाहीतर नुकतीच घेतलेली लस.

आजाराचं नाव ड्रेस. हो, तसंच म्हणतात वॉर्डात, १९९६ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी सुचवलेल्या 'ड्रग रॅश विथ इओसिनोफिलिया अँड सिस्टेमिक सिम्प्टम्स' या लांबलचक नावातली आद्याक्षरं आहेत ती. त्याआधी ज्या औषधाने झालं त्याच्या नावाने ओळखायचे, फेनिटॉइनचं वेगळं, ॲलोप्युरिनॉलचं वेगळं, पण आजार तोच. औषधाने चिडलेल्या टी-पेशी, म्हणजे शरीराचा बचाव करणाऱ्या पांढऱ्या पेशी, कातडीपुरत्या थांबत नाहीत, लिव्हर, किडनी, क्वचित हृदय आणि फुप्फुसं पण धरतात, रक्तात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढतात, आणि लहानपणी कधीतरी होऊन गेलेला आणि अंगात झोपून राहिलेला हर्पिसच्या कुळातला सहा नंबरचा व्हायरस साधारण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जागा होतो, त्यामुळे हा आजार उतरला उतरला म्हणता पुन्हा उसळतो. जीव जाऊ शकतो यात, बहुतेक वेळा लिव्हरमुळे. कारण ठरणारी औषधं फार नाहीत, मोजकीच आहेत आणि सगळ्यांच्या ओळखीची, कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, ॲलोप्युरिनॉल, सल्फासॅलॅझिन, डॅप्सोन, मिनोसायक्लिन, व्हँकोमायसिन.

रिपोर्ट संध्याकाळपर्यंत आले. पांढऱ्या पेशी १६,८००, त्यात २२ टक्के इओसिनोफिल, म्हणजे एकूण ३,७०० च्या आसपास, एरवी ५०० च्या खाली असतात. लिव्हरचे आकडे, एसजीपीटी ४१२, एसजीओटी २८८, बिलिरुबिन १.९, सगळे वाढलेले. किडनीचं क्रिएटिनिन २.१, तेही वाढलेलं. हिपॅटायटिसच्या टेस्ट निगेटिव्ह, शरीर स्वतःवरच उलटण्याच्या आजारांसाठीची एएनए टेस्ट निगेटिव्ह, ब्लड कल्चरमध्येही पुढच्या काही दिवसांत काही वाढलं नाही. ड्रेसच्या निदानासाठी रेजिस्कार नावाचा स्कोअर असतो, उणे चार ते नऊ, पाचच्या वर गेला की निदान पक्कं धरतात. किडनी आधीपासून थोडी कमजोर होती म्हणून मी ती हिशोबात धरलीच नाही, तरी सात आला. बायोप्सी पण घेतली, त्यात औषधाच्या रिॲक्शनशी जुळणारी सूज आणि इओसिनोफिल दिसले, पण बायोप्सी कधीही औषधाचं नाव सांगत नाही हे लक्षात ठेवा. नातेवाईकांना वाटतं तुकडा काढला म्हणजे आता कळेल कशाने झालं. ते पट्ट्यांवरून कळतं, तुकड्यावरून नाही.

आता संशयित एकेक. बीपीची गोळी दोन वर्षं चालू, तिचा वेळ कधीच निघून गेला. ॲझिथ्रोमायसिन पुरळानंतर सुरू झालं, म्हणजे ते पुरळाचं कारण असूच शकत नाही, फार तर आगीत थोडं तेल. सेट्रिझिन, पॅरासिटामॉल, तेच. राहिली लस आणि ॲलोप्युरिनॉल.

लसीची बाजू मी मुद्दाम नीट तपासली, कारण लसीने कातडीवर काही होतच नाही असं म्हणणंही खोटंच आहे. होतं. टोचल्याजागी लाली, सूज, दुखणं तर किती जणांना होतं, एक-दोन दिवसांत जातं. काही मिनिटांत पित्त उठून घसा आवळणारी खरी ॲलर्जी होते, पण ती सगळ्या लसी मिळून दहा लाख डोसांत साधारण एक, इतकी दुर्मिळ. गोवराच्या लसीनंतर मुलांना सात ते बारा दिवसांत हलकं पुरळ येतं, शंभरात पाचेक जणांना, कारण त्या लसीत जिवंत पण मवाळ केलेला व्हायरस असतो आणि तो आपलं थोडं नाटक करून जातो. बीसीजीच्या जागी तर फोड येऊन वण राहतो आणि तो अपेक्षितच असतो. कोविडच्या एमआरएनए लसीनंतर काहींचा दंड बरोबर आठवड्याने मोठा लाल व्हायचा, २०२१ मध्ये त्यावर बरंच लिहिलं गेलं, आणि पुष्कळांना इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक दिलं गेलं जे लागत नव्हतं. फ्लूच्या लसीनंतरही क्वचित अंगभर पुरळ येतं. ड्रेससारखं चित्र लसीनंतर दिसल्याचे तुरळक रिपोर्टही आहेत. पण दोन दिवसांत? गाठी, लिव्हर, ३,७०० इओसिनोफिल, सगळं दोन दिवसांत उभं राहत नाही. आणि त्याच्याच शेजारी एक औषध उभं आहे जे याच आजारासाठी कुप्रसिद्ध आहे आणि ज्याचा चौथा आठवडा चालू आहे. लसीनंतरच्या त्रासांची वर्गवारी करताना जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत 'योगायोग' असा एक वेगळा रकाना आहे, उगाच नाही ठेवलेला तो.

पुन्हा गोळी देऊन बघणं हा पुरावा या आजारात कुणी शोधू नये, तो मूर्खपणा आहे. पॅच टेस्ट, म्हणजे औषध कातडीवर चिकटवून बघणं, काही औषधांसाठी उपयोगी पडते, ॲलोप्युरिनॉलसाठी सहसा निगेटिव्हच येते, म्हणून तिच्या भरवशावर त्याला निर्दोष ठरवू नये.

आणि इथे मला जी गोष्ट सगळ्यात जास्त टोचते ती. पुरळ उठलं दिवस २८ ला. काका माझ्याकडे आले दिवस ३४ ला, सकाळची गोळी घेऊन. म्हणजे पुरळ उठल्यावर सात गोळ्या पोटात गेल्या. एकेक दिवस, नेमाने, पाण्याबरोबर. कुणी बंद कर म्हटलं नाही कारण दोषी आधीच सापडला होता. लसीला दोष दिल्याचं नुकसान लसीला होत नाही, ते असं होतं, खरं कारण आत चालू राहतं. औषध जितक्या लवकर थांबेल तितकं बरं, हे या सगळ्या गंभीर रिॲक्शनमध्ये एकमेव असं काम आहे ज्यावर वाद नाही. त्यात ॲलोप्युरिनॉल अजून चिवट, ते शरीरात ऑक्सिप्युरिनॉल बनतं आणि तेच खरं काम करतं आणि तेच रिॲक्शन पण देतं, ते किडनीतून बाहेर जातं, चांगल्या किडनीलाही निम्मं बाहेर टाकायला जवळजवळ एक दिवस लागतो, आणि काकांची किडनी चांगली नव्हती. गोळी आज बंद केली तरी औषध आज बंद होत नाही.

मग मुळात ही गोळी का चालू झाली? हे विचारलं तेव्हा काका म्हणाले, "रिपोर्टमध्ये लाल अक्षरात आलं होतं." संपूर्ण तपासणीचं पॅकेज केलं होतं, त्यात युरिक ॲसिड ८.१, पुढे बाण. सांधा कधी सुजला? नाही. अंगठा कधी दुखला? नाही. मुतखडा? नाही. म्हणजे गाऊट, युरिक ॲसिडने सांधे सुजण्याचा आजार, नाही, फक्त आकडा. नुसत्या आकड्याला, काही त्रास नसताना, सहसा ही गोळी देत नाहीत. आणि द्यायचीच झाली तर १०० किंवा त्याहून कमीने सुरू करून हळूहळू वाढवतात, किडनी कमजोर असेल तर अजून कमी, काकांचं क्रिएटिनिन त्याच रिपोर्टमध्ये १.४ होतं, चार ओळी खाली, त्याला बाण नव्हता की काय कुणास ठाऊक. थेट ३०० दिलेली.

गंमत, म्हणजे रडवणारी गंमत, पुढेच आहे. बीपीची गोळी बघितली, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र. हायड्रोक्लोरोथायझाइड युरिक ॲसिड वाढवतं. हे कुठल्याही फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात आहे, परीक्षेत येतं. म्हणजे बीपीच्या गोळीने आकडा वाढला, आकड्यासाठी दुसरी गोळी, दुसऱ्या गोळीने ड्रेस, ड्रेसला लसीची रिॲक्शन समजून तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येकाने आपापल्या जागी काहीतरी पटण्यासारखंच केलं, मागे वळून कुणी बघितलं नाही.

ॲलोप्युरिनॉलवर मात्र राग धरू नका. ज्यांना खरोखर गाऊट आहे त्यांच्यासाठी ते उत्तम औषध आहे, १९६६ पासून वापरात आहे, ज्या दोघांनी ते शोधलं त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालं आणि त्यांच्या कामात हेही एक होतं. वेळेवर, कारण असताना, कमी डोसने चालू केलं तर बहुसंख्य लोकांना काही होत नाही.

उपचाराचं फार लांबवत नाही. त्याच दिवशी ॲडमिट केलं, ॲलोप्युरिनॉल आणि थायझाइड दोन्ही बंद, बीपीसाठी ॲम्लोडिपिन, अँटिबायोटिक बंद कारण इन्फेक्शन सापडलं नव्हतं आणि अशा चिडलेल्या शरीरात प्रत्येक नवीन औषध म्हणजे नवीन जोखीम. लिव्हरमुळे पॅरासिटामॉल पण हात राखून. वजनाप्रमाणे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिवसाला ६० मिलिग्रॅम, अंगाला स्टिरॉइडचं मलम आणि वरून भरपूर व्हॅसलीन. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी कानाच्या पाळ्या कानाच्या पाळ्यांसारख्या दिसायला लागल्या. दुसऱ्या आठवड्यात साल निघायला लागली, चादर झटकली की कोंडा, आणि काकांना सतत थंडी वाजायची कारण लाल झालेली कातडी अंगातली ऊब धरून ठेवू शकत नाही, दोन पांघरुणं घेऊन बसायचे. काकू घाबरल्या की आता कातडी सुटतेय, त्यांना समजावलं की ही वरची मेलेली साल आहे, खाली नवीन आहे, ते सुटणं वेगळं असतं.

बाराव्या दिवशी घरी गेले. एसजीपीटी ९६ वर आलेलं, डोस ४०. आणि मी जे कागदावर लिहून दिलं होतं, की डोस कमी करायचा तो आम्हीच, अगदी हळू, दोन-अडीच महिने लागतील, ते वाचलं सगळ्यांनी. पण 'स्टिरॉइड' हा शब्द घरात कुणाला तरी आवडला नाही, त्यात उपाशीपोटीची साखर १४० आली, आणि काकांनी स्वतःच ४० चे १० केले, एका दिवसात. गोळी न चुकवणारा माणूस, पण चुकवणं आणि कमी करणं त्यांच्या हिशोबात वेगळं होतं. चौथ्या दिवशी पुन्हा ताप, पुन्हा पुरळ, एसजीपीटी ३४०. मुलीचा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न, "डॉक्टर, लस अजून अंगात आहे का?" इतकं होऊनही. पहिलं ऐकलेलं कारण मनात किती खोल जाऊन बसतं ते त्या दिवशी कळलं मला.

डोस पुन्हा वाढवला, यावेळी अकरा आठवडे लावले उतरवायला, दर आठवड्याला लिव्हर बघत. क्रिएटिनिन १.३ वर आलं. थायरॉइड तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी बघितलं कारण या आजारानंतर काही महिन्यांनी थायरॉइड बिघडू शकतं, क्वचित इन्सुलिनची डायबेटिस पण सुरू होते, काकांचं दोन्ही वेळा नॉर्मल आलं, साखरही स्टिरॉइड संपल्यावर खाली आली. आणि युरिक ॲसिड? थायझाइड बंद केल्यावर ६.९. कुठलीही गोळी न घेता.

मधल्या काळात एचएलए-बी*५८:०१ ची टेस्ट केली, पॉझिटिव्ह आली. हा एक अनुवांशिक प्रकार आहे, २००५ मध्ये तैवानमधून एक अभ्यास आला होता, ॲलोप्युरिनॉलने गंभीर रिॲक्शन झालेल्या ५१ पैकी ५१ जणांत तो सापडला आणि तेच औषध नीट पचवणाऱ्यांत फक्त १५ टक्क्यांत. निदानासाठी मला तिची गरज नव्हती, ते पट्ट्यांनी केलंच होतं, मला ती मुलीसाठी हवी होती. हा प्रकार असलेल्या बहुतेकांना गोळी घेऊनही काहीच होत नाही, हे तिला आधी सांगितलं, मग सांगितलं की तुझ्यात तो असण्याची शक्यता निम्मी तरी आहे, काकांच्या भावंडांतही असू शकतो, तेव्हा तुमच्यापैकी कुणाला कधी युरिक ॲसिडची गोळी लिहून दिली तर पहिली गोळी घ्यायच्या आधी हा कागद दाखवायचा. तिने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. हे बरं केलं.

काकांना पाकिटात ठेवायला एक कार्ड करून दिलं, औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरात, कारण ब्रँड पंधरा असतात आणि माणूस ब्रँड लक्षात ठेवतो. फाइलवरचं लाल अक्षर मात्र सहजासहजी गेलं नाही. ते एका जागी लिहिलेलं असतं आणि पाच जागी उतरवलं जातं, डिस्चार्ज कार्डवर, दाताच्या डॉक्टरकडे, मुलीच्या मोबाइलमध्ये. मी रेघ मारून खाली तारीख आणि सही केली आणि 'कारण ॲलोप्युरिनॉल, लस नाही' असं लिहिलं, पहिल्या डॉक्टरांना फोनही केला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मी त्यांना औषधं विचारली होती हो, ते म्हणाले जुनीच चालू आहेत." खरंच तसं म्हणाले असणार काका. महिन्याभरापूर्वीची गोळी पेशंटला जुनीच वाटते. तेव्हापासून मी 'काय चालू आहे' असं विचारतच नाही, 'गेल्या दोन महिन्यांत नवीन काय सुरू झालं, काय बदललं, कशाचा डोस वाढला' असं विचारतो, आणि पट्ट्या आणायला सांगतो, रिकाम्या पण.

पुढच्या वर्षी फ्लूच्या लसीचा विषय निघाला. स्टिरॉइड बंद होऊन सात महिने झाले होते, लिव्हर नॉर्मल, वय ६२, किडनी थोडी कमजोर, म्हणजे लस घ्यायलाच हवी असा माणूस. काकू नाही म्हणाल्या. मुलगी गप्प. काकांनी विचारलं, "तुम्ही काय कराल माझ्या जागी?" मी म्हटलं, घेईन, आणि इथेच घ्या, अर्धा तास बसवून ठेवतो, नंतर दोन दिवस फोन चालू ठेवतो. अर्धा तास काही झालं नाही. काकू पूर्ण वेळ त्यांच्या कानाच्या पाळ्यांकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दंडाचा फोटो आला, टोचल्याजागी रुपयाएवढी लाली, थोडी सूज, आणि खाली काकांचा मेसेज, "डॉक्टर हे कशाने?"

"हे लसीनेच," मी लिहिलं, "परवापर्यंत जाईल."